तोफेनं खाल्लेला कान

आमच्या दाजींना पंगतीत कुठंही बसवून चालत नसे. ते ओळीच्या उजव्या टोकालाच बसणार, म्हणजे उजवीकडे भिंत आणि सगळी माणसं डावीकडे. लग्न कुणाचंही असो, मुलीचा बाप हात धरून त्यांना मधल्या जागेवर न्यायला लागला की दाजी मोठ्यांदा सांगायचे, "माझ्या उजव्या अंगाला मानूस बसवू नका. तिकडं कान न्हाई. तोफेनं खाल्लाय." हे सांगताना तोंडावर कुठं दुःख? छे. सरकारनं दिलेलं बक्षीस चारचौघांत दाखवावं तसं सांगायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनआक्काचे यजमान. हवालदार सर्जेराव. रहिमतपूरजवळ त्यांचं गाव, थोडा ऊस, दोन म्हशी, आणि तोफखान्यातली पेन्शन. मी सांगलीत एका हायस्कूलात भूगोल शिकवते, त्यामुळे मला ते कधी नावानं हाक मारायचे नाहीत. "या मास्तरीणबाई, आज कोन्त्या देशात पाऊस पाडला?" मेव्हणीची चेष्टा करायचा त्यांचा हक्क होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत बजावला.

त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. आणि जो तोफखान्यातून आला त्याचा एक तरी कान अधू. संध्याकाळी दूध डेअरीच्या पायऱ्यांवर ही सगळी रिटायर मंडळी बसायची. एकाला दुसऱ्याचं ऐकू जायचं नाही, म्हणून सगळेच ओरडून बोलायचे. दूध घालायला आलेल्या बायका विचारायच्या, "म्हाताऱ्यांचं भांडान लागलंय का नुसतं बोलत्यात?" अशा गावात कान जाणं हा आजार नव्हताच. ती नोकरीची खूण होती. आणि मी सांगते, सगळा घात तिथंच झाला.

कारण दाजींचा कान रिटायर झाल्यावरही जातच राहिला. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग फोनवरचे शब्द गेले. "आवाज येतोय, पर काय बोलतंय ते उमगत न्हाई," असं म्हणून ते फोन डाव्या कानाला लावायचे. मग कानात रात्रंदिवस पिठाची गिरणी सुरू झाली. आमच्या आक्कानं एकदा विचारलं, "आवं, तोफ तिकडं ऱ्हायली सरहद्दीवर. तुमी हितं म्हशी राकताय. मग कान अजून कशापायी जातोय?" इतका साधा प्रश्न. त्यावर डेअरीच्या पायऱ्यांवरचे सगळे हसले. साताऱ्याला कानाचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे आक्का हट्टानं घेऊन गेली. डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "फौजी का? कुठल्या रेजिमेंटला?" दाजींनी छाती काढून सांगितलं, तोफखाना. "मग काय," डॉक्टर म्हणाले, "तो कान आता सोडा." झाली तपासणी. शिकलेल्या माणसानं दोन प्रश्न विचारायचे, त्यातला एक रेजिमेंटचा.

दाजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. "निशान बगितल्याबिगर गोळा सोडायचा न्हाई." कुणाबद्दल कुणी काही बोललं की ते हे वाक्य काढायचे आणि बोलणाऱ्याची पंचाईत व्हायची. एका वर्षी जतकडचे मेंढपाळ कळप घेऊन गावात उतरले होते. शेतात मेंढरं बसवली की खत मिळतं, म्हणून दरसाल त्यांना बोलावणारेही गावातलेच. त्या आठवड्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. लगेच उचलली जीभ लावली टाळ्याला, मेंढक्यांनीच नेली. पोरं काठ्या घेऊन निघाली. दाजी बांधावर आडवे उभे राहिले. "कुनी बगितलं? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "मग काठ्या खाली." मेंढपाळाची म्हातारी आई कानडीत काहीतरी बोलत त्यांच्या पाया पडायला आली तेव्हा मात्र ते गडबडले, आणि "आरं हिला कुनीतरी सांगा, मी काय केलं न्हाई," म्हणून मागं सरकले. पुढं ती केबल गावातल्याच एकाच्या गोठ्यात सापडली. ज्यांनी काठ्या उचलल्या होत्या त्यांतला एकही त्या मेंढपाळाला चुकलो म्हणायला गेला नाही.

ह्या माणसाच्या वाट्याला त्याच गावानं काय आणलं, ते आता सांगते. 

दाजी दारू पीत नव्हते. फौजेत होते तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "मला वासच सोसत न्हाई," एवढंच कारण ते सांगायचे. त्यात मोठा त्याग वगैरे काही नव्हता. माजी सैनिकाला कँटीनमधून बाटल्या मिळतात. दाजी त्या आणतच नसत. आता तुम्हाला वाटेल, गावानं ह्याचं कौतुक केलं असेल. उलट राग होता. "सोता पीत न्हाईस, नको पिऊ, पर आमच्यासाठी आनाय काय हुतंय रं?" असं भावकी म्हणायची. दाजी म्हणायचे, "माझ्या नावावर तुमी पिनार? मग उद्या नावबी तुमीच वापरा." त्यामुळे हा माणूस कधी एकदा सापडतोय याची वाट बघणारे गावात कमी नव्हते.

आणि एक दिवस दाजी चालताना झोकांड्या खायला लागले.

आधी सांजवेळी, उजेड कमी झाला की. मग दिवसाही. बांधावरून चालताना पाय वाकडा पडायचा, चटकन वळले की भिंतीला हात लावायचे. आक्कानं मला फोनवर सांगितलं, "ह्यास्नी चक्कर येतीया गं, पर चक्करबी म्हनता येत न्हाई. जमीनच हालतीया म्हनत्यात." मी वयाचं कारण समजले. गावानं मात्र समजून घ्यायला वेळ लावला नाही. डेअरीवर कुणीतरी म्हणालं, "हवालदार लागलं वाटतं चोरून." बास. सुतावरून स्वर्ग गाठणारी मंडळी ती, त्यांना झोकांडी म्हणजे अख्खी बाटलीच.

गावच्या हायस्कूलात पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर परेडची ऑर्डर द्यायचा मान दाजींचा असे. ते छातीवर मेडल लावून उभे राहायचे आणि त्यांच्या आवाजावर सगळी शाळा हलायची. त्या वर्षी झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, आणि दाजींनी सलामी देऊन पीछे मुड केलं. ते वळले आणि वळतच राहिले. उजवा पाय कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. मेडलांसकट आडवे झाले, सगळ्या गावासमोर, झेंड्याच्या चुन्याच्या चौकटीत. दोन शिक्षकांनी उचललं. मागच्या बाजूनं कुणीतरी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालं, "आजच्या दिवशी तरी सोडायची हुती."

एका तरी माणसानं जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यावा की नाही? म्हशीचं दूध डेअरीत घालताना त्याचं फॅट मोजतात, थेंबाथेंबात पाणी शोधतात. माणसावर आरोप करताना एवढंही मोजमाप नाही.

दाजी पहाटे गावाबाहेरच्या माळावर पोरापोरींना भरतीसाठी पळवायचे. कशाचे पैसे नाहीत, काही नाही. "फौजेनं मला मानूस केलं, ते फेडतोय," म्हणायचे. त्या पंधरा ऑगस्टनंतर आठवडाभरात पोरी यायच्या बंद झाल्या. दारुड्याच्या हाताखाली पोरी कोण पाठवणार? मग पोरंही पांगली. आणि सव्वीस जानेवारीची परेड जवळ आली तेव्हा हेडमास्तरांचा निरोप आला, "ह्या वेळी हवालदारांनी विश्रांती घ्यावी."

मी त्या रविवारी गावी गेले होते. दाजी पडवीत बसून मेडलांची पेटी पुसत होते. माझी चेष्टा केली नाही, तिथंच मी ओळखलं. म्हणाले, "मास्तरीणबाई, कान गेला तर जाऊ द्या. एका कानानं मानूस जगतो. नाव गेलं त्येचं काय करायचं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आक्का चुलीपुढे बसल्या जागेवरून म्हणाली, "आता तू ह्यास्नी सांगलीला घिऊन जा. साताऱ्याच्या डाक्टरला रेजिमेंट कळती, कान कळत न्हाई."

मिरजेला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीही नोकरीचं विचारलं, पण पुढचंही विचारलं. कान कधीपासून कमी झाला, दोन्ही की एकच, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत असं होतं का, तोल जातो का. दाजींना बंद खोलीत बसवून हेडफोनवर तपासणी केली आणि कागद बघून म्हणाल्या, "काका, तोफेचा आवाज दोन्ही कानांना त्रास देतो. एकाला थोडा जास्त, एकाला थोडा कमी, हे मी समजू शकते. पण तुमचा डावा कान वयाच्या मानानं चांगला आहे आणि उजवा जवळजवळ संपलाय. एवढा फरक असला की मी एमआरआय केल्याशिवाय गप्प बसत नाही."

एमआरआयमध्ये गाठ निघाली. कानाकडून मेंदूकडे जी नस जाते, ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची, तिच्यावर. मोठ्या बोराएवढी. डॉक्टरीणबाई पहिलंच वाक्य बोलल्या ते असं, "ही कॅन्सरची गाठ नाही. साधी आहे, हळूहळू वाढते, शरीरात दुसरीकडे कुठंही पसरत नाही. पण जागा अडचणीची आहे." तोल जायचा तो ह्या गाठीनं. कानातली गिरणी तिचीच. सगळा हिशेब लागला.

आणि दाजींनी काय करावं? ते रुसले. अक्षरशः रुसले. मिरजेहून गाडीत बसले ते माझ्याकडे पाठ करून. मग म्हणाले, "म्हंजी तोफेनं काय न्हाईच केलं?" मी म्हटलं, "थोडंफार केलं असेल हो." "थोडंफार," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. इतक्या वर्षांचं मेडल एका फिल्मनं काढून घेतलं होतं. मला हसू येत होतं आणि साताऱ्याच्या त्या डॉक्टरच्या दारात जाऊन उभं राहावंसंही वाटत होतं.

पुढं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तीन वाटा आहेत. नुसतं लक्ष ठेवायचं, डोकं उघडून ऑपरेशन करायचं, किंवा बाहेरूनच अगदी बारीक किरण नेमके गाठीवर सोडायचे. लक्ष ठेवत बसायला गाठ थोडी मोठी होती, पण किरणांनी आवरेल इतकी अजून लहान होती, म्हणून किरणच ठरले. एक एक किरण अशक्त असतो, वाटेतल्या मेंदूला फारसं करत नाही, पण चारी बाजूंनी येऊन सगळे जिथं एकत्र होतात तिथं जोर होतो. त्यानं गाठ निघून जात नाही, बहुतेक वेळा वाढायची थांबते. गेलेला कान मात्र परत येणार नाही. मी हे ऐकून वहीत लिहायला शब्द शोधत होते. दाजी पुढं सरकून म्हणाले, "सगळ्या तोफा येगयेगळ्या डोंगरावर, निशान येकच. मधल्या घरांस्नी धक्का न्हाई. हेच ना साहेब?" डॉक्टर म्हणाले, "अगदी हेच." दाजींचा रुसवा तिथं गेला.

ठरल्या दिवशी सकाळी डोक्याची कातडी सुन्न करायची इंजेक्शनं देऊन एक धातूची चौकट स्क्रूनं पक्की बसवली, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. आक्कानं ते बघून तोंड फिरवलं. त्या चौकटीसकट पुन्हा एमआरआय, मग डॉक्टरांचा कॉम्प्युटरवर बराच वेळ हिशेब, आणि मग मशीन. कुठं चिरणं नाही, झोपवणारी भूल नाही. आत पडून राहायचं, बस. बाहेर आल्यावर चौकट काढली, कपाळावर टोचल्याच्या खुणा तेवढ्या राहिल्या. आक्कानं विचारलं, "दुखलं का?" दाजी म्हणाले, "दुखतंय काय? ह्यो कसला तोफखाना, आवाजच न्हाई." दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गाडीत बसवून घरी आणलं. स्वतःच्या पायानं चालत घरात शिरले.

इथपर्यंत सगळं ठीक. आता पुन्हा गाव.

आमच्याकडे किरणांच्या उपचाराला 'लाईट देणं' म्हणतात. आणि लाईट कुणाला देतात? कॅन्सरला. हे लहान पोरालाही ठाऊक. "हवालदाराच्या डोक्याला लाईट दिली," ही बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून जीपा भरभरून पाहुणे यायला लागले. बघायला येणं ही आमच्याकडची मोठी रीत. ज्यांनी चार वर्षांत पोस्टकार्ड पाठवलं नाही तेही शेवटचं तोंड बघायला हजर. केळ्यांचे घड, शहाळी, बिस्किटांचे पुडे. बायका आक्काच्या गळ्यात पडून रडायच्या. आक्का सगळ्यांना चहा करून घालायची आणि प्रत्येकीला सांगायची, "अवं, तसली गाठ न्हाई ती. साधी हाय." त्या आणखी जोरात रडायच्या, की बिचारीला अजून कुणी खरं सांगितलेलं नाही.

दाजींनी पहिल्यांदा समजावून बघितलं. एमआरआयची फिल्म घेऊन डेअरीवर गेले आणि उन्हाकडे धरून दाखवली. "ही बगा गाठ. कॅन्सर न्हवं. झोकांडी जायची ती हिच्यामुळं. दारू न्हवं." लोकांनी फिल्ममधला पांढरा ठिपका बघितला आणि "आगागागा, केवढी हाय" म्हणून मागं सरकले. त्यांना हवं तेवढंच त्यांनी बघितलं. त्या दिवसापासून डेअरीवर चहा आला की दाजींचा कागदी कप वेगळा यायला लागला. बाकीच्यांचे काचेचे.

ते घरी येऊन मला म्हणाले, "बगा मास्तरीणबाई, काल मी दारुडा हुतो. आज मेलो. मधी जिता कवा हुतो ते कुनी इचारलंच न्हाई."

आणि दया आली की माणसं किती भली होतात. दारुडा म्हणून तोंड फिरवणारे आता रस्त्यात थांबून हात हातात घ्यायचे. दाजींना हा चांगुलपणा शिवीपेक्षा जास्त लागायचा. मला तर संतापच यायचा, कारण त्या दयेत माफी होती. म्हणजे, प्यायचास ते आम्ही तुला माफ केलं, आता मरतोयस ना. न केलेल्या गुन्ह्याची माफी देणाऱ्याला काय म्हणायचं?

वर्षभरानं पुन्हा एमआरआय झाला. गाठ होती तेवढीच, वाढ थांबलेली. डॉक्टरीणबाईंनी तोलाचे व्यायाम दिले होते. ते करायला दाजी पहाटे बांधावरून मान डावीउजवीकडे फिरवत चालायचे. लोक लांबून बघायचे आणि मान हलवायचे. अंगणात ते पीछे मुडचा सराव करायचे, आधी भिंतीशी, मग मोकळ्यात. एक दिवस नीट जमलं. आक्का म्हणाली, "जमलं की ओ." त्यांनी लगेच टोपी घातली आणि हायस्कूलात गेले. मी सुट्टीला गावी होते, मलाही बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. खुर्ची दिली, तब्येत विचारली. दाजी म्हणाले, "सर, मला मान परत नको. नवा पोरगा ऑर्डर देतोय, चांगली देतोय. मला येकच पायजे. सव्वीस जानेवारीला माईकवर येक वाक्य बोला. त्या दिवशी सर्जेराव प्यालेला न्हवता. बास. मी मागं हुबा ऱ्हातो." हेडमास्तर हसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अहो हवालदार, जुनं कशाला उकरायचं? लोक केव्हाच विसरले." मी म्हटलं, "सर, विसरले असतील तर सांगायला काय हरकत आहे?" ते म्हणाले, "बाई, गावात राहायचंय आम्हाला." दाजी उठले. दारात त्यांनी सलाम केला, तो का केला ते मला अजून कळलेलं नाही. वाटेत एवढंच बोलले, "गोळा सोडताना गावाला येळ लागत न्हाई. निशान चुकलं म्हनाय मातूर कुनाला तोंड न्हाई."

त्यानंतर दाजी आणखी काही वर्षं जगले. माळावर परत पोरं आली नाहीत, पण घरच्या पडवीत पोरी यायला लागल्या. फिजिकलसाठी पळायला नाही, तर लेखी परीक्षेचा अभ्यास करायला, कारण त्यांचं घर शांत होतं. दाजी म्हशी राखायचे, मला फोन करून पावसाची चौकशी करायचे आणि दरसाल एमआरआयला सांगलीला आले की मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना भाकरी आणि खर्डा बांधून न्यायचे. गाठ पुढं जराशी आकसलीच. ते काही गावाला दिसलं नाही.

एका संध्याकाळी धार काढायला बसले असताना छातीत कळ आली आणि ते गेले. रहिमतपूरला नेईपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही. हृदयाचं दुखणं होतं, कानाच्या गाठीशी त्याचा काही संबंध नव्हता. आम्ही आल्यागेल्याला सांगितलं. लोक म्हणाले, "व्हय व्हय, शेवटी त्येच आजारानं नेलं."

आमच्या भागात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं आणि तिथं भाषणं होतात. माईक लागतो, स्पीकर लागतो. ज्याला जे जमतं ते तो गेलेल्या माणसाबद्दल बोलतो, मग सगळे उभे राहून दोन मिनिटं स्तब्ध राहतात आणि राखेवर फुलं वाहतात. बायका येतात, एका बाजूला पदर घेऊन बसतात, पण बोलत नाहीत. ती पद्धतच नाही. त्या सकाळी दाजींच्याच शेतात कडेला सगळं गाव जमलं होतं. आक्का माझ्याशेजारी जमिनीवर बसली होती. तीन दिवस ती रडली नव्हती.

शेवटचं भाषण हेडमास्तरांचं. ते मनापासून बोलत होते, हे मला कबूल करावं लागेल. म्हणाले, "सर्जेराव हे खरे योद्धे. व्यसनासारख्या शत्रूवर त्यांनी मात केली. त्यातून बाहेर पडतात न पडतात तोच कॅन्सरनं गाठलं. पण हा सैनिक त्यालाही पुरून उरला. तरुणांनी त्यांचा आदर्श घ्यावा." माणसं माना डोलवत होती. कुणी डोळे पुसले.  ह्या माणसानं आयुष्यात एक घोट घेतला नाही, त्याला कॅन्सर कधी झाला नाही, आणि त्याच्या राखेसमोर उभं राहून हेडमास्तर त्याला ह्या दोन्हींतून बरं करत होते. मी उठणार तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळे उभे राहिले. माना खाली, हात पुढं बांधलेले. उसाच्या वाळल्या पाचटात वारा वाजत होता तेवढाच आवाज. ही दोन मिनिटं अशी असतात की कुणी कुणाला गप्प बस म्हणू शकत नाही.

त्यात आक्का बोलली.

सगळा जन्म एका कानाच्या माणसाशी संसार केलेली बाई ती. तिला हळू बोलता येतच नव्हतं. "माझा मालक कवा प्याला न्हाई," ती म्हणाली. "झेंड्यापुढं पडला त्यो कानाच्या गाठीनं पडला. गाठ साधी हुती, कॅन्सर न्हवता. ह्ये मी समद्यास्नी चा पाजून पाजून सांगितलं. कुनी ऐकलं न्हाई. त्यो शाळंत गेला, एक वाक्य मागाया. तेबी दिलं न्हाई. आता त्यो काय मागत न्हाई. मी मागतीया. ते वाक्य बोला, मग फुलं टाका. न्हाईतर माझ्या शेतातनं फुलं घिऊन जावा."

दोन मिनिटं केव्हाच संपली होती, पण मान वर करायची कुणाची छाती होईना. आक्का राखेच्या पुढं जाऊन उभी राहिली, म्हणजे फुलं वाहायला वाटच उरली नाही. कुणीतरी खोकलं. भावकीतला एकजण "वयनी, असू द्या की आता," असं पुटपुटला, तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हेडमास्तरांच्या हातात माईक तसाच होता. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. मग माईक तोंडाशी नेला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर्जेराव त्या दिवशी प्यालेले नव्हते. त्यांना कॅन्सर नव्हता."

"मोट्यानं बोला सर," आक्का म्हणाली. "मागं ऐकू जात न्हाई."

मग ते मोठ्यानं बोलले.